रायपेरियन म्हणजे काठावरचा

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. इंग्रजी मी शाळेत शिकले नाही. डॉक्टर, स्टेशन, इंजेक्शन हे शब्द सगळ्यांच्या कानावर पडले तसे माझ्याही पडले. एक शब्द मात्र मी कोर्टात शिकले आणि तो आमच्या घराला महागात पडला. रायपेरियन.

त्याचा अर्थ काठावरचा. नदीनाल्याच्या काठाला ज्याची जमीन लागून आहे तो मालक रायपेरियन. त्याला वाहत्या पाण्यावर कायद्यानं हक्क असतो. तो हक्कही सरसकट नाही. आधी घरातल्या माणसांना आणि गुराढोरांना पिण्यापुरतं घ्यायचं, मग शेताला, आणि शेताला घेताना खालच्या काठावरच्या माणसाचं पाणी तोडायचं नाही. ज्याची जमीन काठाला लागत नाही, तो कितीही तहानलेला असला तरी त्या शब्दात बसत नाही. पाणी समोरून वाहतं आणि कायदा त्याला ओळखत नाही.

आमचं गाव पुसद तालुक्यात. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती, वीसेक घरं. वस्तीजवळून नाला जातो. नागपूरहून आमची माणसं दीक्षा घेऊन आली आणि वस्तीनं गावाची जुनी कामं सोडली. मेलेलं ढोर ओढणं बंद, सांगावे घेऊन गावोगाव पळणं बंद. गावाला ते जड गेलं. गावच्या विहिरीवर आम्हाला आधीही चढू देत नव्हते, पण कुणी तरी बाई वरून आमच्या घागरीत ओतायची. ते ओतणं बंद झालं.

मग उन्हाळ्यात आम्हाला एकच पाणी राहिलं, नाल्यातला झिरा. नाला वरून कोरडा दिसतो, पण वाळूच्या खाली पाणी चालूच असतं. वाळूत खड्डा करायचा, तळाशी पाणी जमतं, ते वाटीनं घागरीत भरायचं. तो झिरा आमच्या शेताखाली होता. शेत सासूच्या नावावर. सासरा वारला होता आणि माझा नवरा यवतमाळला कापसाच्या जिनात कामाला होता, हंगामात घरी नसायचा. घरात सासू, मी आणि माझ्या दोन पोरी.

शेताचा धुरा, म्हणजे बांध, सासऱ्यानं पाण्यापासून बराच आत घेतला होता. पुरात काठ खचतो म्हणून. धुरा आणि वाळू यांच्यामध्ये उताराची एक पट्टी राहिली होती. पावसाळ्यात आम्ही तिथं अंबाडी टाकायचो, भाजीला आणि दोराला. उन्हाळ्यात वस्तीच्या बाया त्याच पट्टीवरून झिऱ्यावर उतरायच्या. त्यांना कुणी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही आम्हाला विचारलं नाही.

त्या वर्षी होळी झाल्यावर झिऱ्याचं पाणी उतरायला लागलं. आधी खड्डा कमरेइतका खोल करावा लागला, मग गळ्याइतका. एक घागर भरायला भाकरी टाकून व्हायच्या इतका वेळ लागे. शेवटी तळाला नुसती ओल राहिली. तेव्हा कळलं की वरच्या अंगाला पाटलानं नाल्यात बांध घातला आहे. साधा वाळूचा बांध नव्हता. मुरूम लागेपर्यंत वाळू उपसून त्यात काळी माती ठोकून बसवली होती, म्हणजे वाळूखालूनही थेंब पुढे जाऊ नये. मागं पाणी तुंबलं होतं आणि इंजिनानं ते केळीच्या बागेत चाललं होतं.

सासू आणि मी पाटलाकडे गेलो. तो बागेच्या तोंडाशी बाजेवर बसला होता.

"नाल्यात बांध काहून घातला, पाटील?" सासूनं विचारलं.

"काहून म्हणजे? केळी जगवाची हाय मले."

"अन् माणसं?"

"माणसं चालत जातात पाण्यापोत. केळीले पाय नाईत."

"नाला तुमच्या एकट्याचा नोहे."

"मंग कोणाचा? तुमचा? तुम्ही तं आता मोठे झाले. गावाची कामं नाई करत. मंग गावाचं पाणी कायले पाह्यजे?"

"नाला गावानं खोदला का?"

पाटील हसला. बाजूला उभे असलेले दोघे गडीही हसले, त्यांना हसावंच लागत होतं. "लय बोलून राह्यली बुढी," तो म्हणाला. "जा, कोर्टात बोल."

त्यानं टोमणा मारला होता. सासूनं ते काम सांगितल्यासारखं ऐकलं आणि पुढच्या बाजाराला मला घेऊन पुसदला वकिलाकडे गेली.

वकील मुसलमान होते. त्यांचे वडील बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव बसवायचे आणि आमच्या गाडीची चाकंही त्यांच्याच हातची होती. सासूला एवढी ओळख पुरे होती. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचं शेत कुठपर्यंत हाय, माय? धुऱ्यापर्यंत का पाण्यापर्यंत?"

"पाण्यापोत. धुरा आत हाय, पन पट्टी आमचीच. अंबाडी आम्हीच टाकतो तिथं."

"बस्. मग तुम्ही रायपेरियन झाले."

"आम्ही बौद्ध झालो," सासू म्हणाली.

वकील मोठ्यानं हसले. "वो तो हुए ही. हे दुसरं हाय." आणि मग त्यांनी मी वर लिहिलं आहे ते सगळं समजावून सांगितलं, निम्मं मराठीत, निम्मं हिंदीत. पाटीलही काठावरचा आहे, त्यालाही हक्क आहे. पण त्याचं घेणं बागेसाठी, आपलं घेणं पिण्यासाठी. पिण्याचं आधी. इथवर आमची बाजू भक्कम होती.

"अब सुनो," ते म्हणाले. "कोर्टात एवढंच सांगायचं. माझं घर, माझी गुरं. वस्तीचं नाव काढू नका. झूठ बोलू नका, पण विचारलं तेवढंच बोला. हा हक्क काठवाल्याच्या घराचा असतो, गावाला पाणी वाटायचा नसतो. पूरी वस्ती पिते म्हणाल तर समोरचा वकील तेच धरून बसेल. पाणी एकदा खाली आलं की झिऱ्यावर कोण भरतं ते पाहायला कोर्ट येत नाही."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आत हुकूम मिळाला तर मिळाला. नाही तर कोर्टाला कुलूप, आणि कुलूप उघडेपर्यंत पाऊस पडलेला असेल.

तारीख लागेपर्यंत आम्ही पार पलीकडच्या शिवारातल्या विहिरीवरून पाणी आणलं. तिथला मालक कधी भरू द्यायचा, कधी कुत्रं सोडायचा. वस्तीतली एक बाई पोटुशी होती, ती डोक्यावर घागर घेऊन उन्हात पडली. तिच्या पोटातलं पोर वाचलं, पण त्या दिवसापासून वस्तीत सगळे एकमेकांवर खेकसायला लागले. आमची म्हैस आटली. जो तो मला विचारायचा, तारीख कधी हाय?

तारीख उगवली. वकिलांचं सांगणं मी नीट पाठ केलं होतं आणि सासूकडून वदवून घेतलं होतं. माझं घर, माझी गुरं. आम्ही दोघी पहाटेच निघालो. कोर्टाच्या आवारात पोचलो तर मागून सगळी वस्ती आली. बाया पांढरी लुगडी नेसून, माणसं पांढऱ्या टोप्या घालून, भाकरी बांधून, लेकरं कडेवर घेऊन. म्हातारी आमच्या पाण्यासाठी भांडून राह्यली, तिला एकटं कसं सोडायचं, असा त्यांचा विचार. पुढे आबाजी. वस्तीतले ते सगळ्यांत वयस्क, दीक्षेला सगळ्यांना त्यांनीच नेलं होतं.

वकिलांनी व्हरांड्यातून ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, "हे काय करून ठेवलं, बाई? यांना म्हणा रस्त्यापलीकडे झाडाखाली बसा. हाक मारेपर्यंत आत यायचं नाही."

मी जाऊन आबाजींना सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला.

"बाहीर बसा?" ते म्हणाले. "कोन म्हनते?"

"वकीलसाहेब."

"जल्म बाहीर बसण्यात गेला आमचा. शाळेत बाहीर, चावडीत बाहीर. आता नाई बसणार. सांग त्यायले."

"आबाजी, ते तसं नाई म्हणून राह्यले. खटल्यासाठी..."

"कोर्ट सरकारचं हाय ना? मंग आम्ही आत बसू."

वकील स्वतः आले, हात जोडले, कायदा सांगू लागले. पण सगळ्यांच्या देखत आणि पाटलाच्या माणसांच्या देखत मोठ्यानं सांगता येईना, आणि हळू बोलणारा माणूस आबाजींना लबाड वाटे. "तुमच्यातही तसंच का, वकीलसाहेब?" ते म्हणाले. वकील वळून व्हरांड्यात परत गेले.

पुकारा झाला. सगळी वस्ती आत शिरली आणि भिंतीला लागून उभी राहिली. बाक भरले, दार भरलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

सासू पिंजऱ्यात उभी राहिली. आमच्या वकिलांच्या प्रश्नांना तिनं ठरल्यासारखी उत्तरं दिली. शेत माझं. पट्टी माझी. झिरा पट्टीखाली. पाणी माझ्या घराला आणि माझ्या म्हशीला. मग पाटलाचा वकील उठला. तो यवतमाळहून आणलेला होता. त्यानं सासूकडे पाहिलंसुद्धा नाही, भिंतीकडे पाहिलं.

"बाई, हे मागं एवढे लोक कोण उभे आहेत?"

"वस्तीचे."

"तुमचे नातेवाईक?"

"कोणी हायेत, कोणी नाईत."

"त्यांची या खटल्यात काय गरज? ते कशाला आले?"

सासू माझ्याकडे पाहायला लागली. मी मान हलवली, काही बोलू नका म्हणून. तिला कळलं की नाही ठाऊक नाही.

"मी सोपं विचारतो," तो म्हणाला. "तुमच्या झिऱ्याचं पाणी हे लोक पितात का?"

वरचा पंखा करकरत होता. सासूनं एकदा मागं वळून पाहिलं. ती पोटुशी बाई दाराशी खाली बसली होती.

"पितात," सासू म्हणाली.

"किती घरं?"

"सारी."

आणि मागून आबाजींचा आवाज आला, "हो साहेब, आम्ही सारे पितो!" मग सगळ्यांनीच म्हटलं. होय, आम्ही पितो. त्यांना वाटलं साक्ष भक्कम झाली. न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला. पाटलाच्या वकिलानं जाड पुस्तक उघडलं आणि इंग्रजीत बोलायला लागला. मला त्यातलं एकच कळत होतं. रायपेरियन, नॉट रायपेरियन. तो 'नॉट' म्हणाला की आमच्या वकिलांची मान थोडी खाली जायची.

शेवटी न्यायाधीश मराठीत बोलले, बहुतेक आम्हाला कळावं म्हणून. काठाच्या मालकिणीला घरापुरतं पाणी मागता येईल. पण इथं मागणी वस्तीची दिसते आणि वस्तीचा काठाशी संबंध कागदावर नाही. संबंध असेल तर परवा दाखवा. परवा सुट्टीआधीचा शेवटचा दिवस.

बाहेर आल्यावर आबाजींना सगळं कळलं. ते भिंतीला टेकून खाली बसले. "म्याच घात केला," एवढंच म्हणाले. कुणी त्यांना बोललं नाही. मी बोलले. आता त्यांच्या वयाची झाल्यावरही मला वाटतं, कुणी तरी बोलायलाच हवं होतं.

तेवढ्यात पाटील आमच्याकडे आला. एकटाच आला आणि नीट बोलला. "बुढे, आयक. मी काई राक्षस नाई. बांधाले मोरी ठेवतो, तुझ्यापुरतं पाणी येईन. तुझं घर, तुझी म्हैस. मिरचीचे वाफे भिजवाचे असन तं तेही भिजव. बाकीचे तुझ्या पट्टीतून उतरले नाई पाह्यजे. धुऱ्यावर बाभळीचे काटे लाव. आज बोल, आज बांध फोडतो."

मी सासूला म्हटलं, "आत्याबाई, घ्या." आजही तोच सल्ला देईन. माझ्या दोन पोरी होत्या, नवरा जिनातला, आणि न्यायाधीशानं काय हुकूम द्यावा ते कुणाच्या हातात नव्हतं. हातात आलेलं पाणी सोडून मी दुसऱ्यांसाठी का भांडू? काटे लावले असते तरी घागरीतून दोन तांबे मी त्या पोटुशीला दिलेच असते.

सासू आम्हा दोघांनाही तिथंच सोडून वकिलांकडे गेली. "साहेब, त्या पट्टीवर ह्यायचं नाव लागलं तं हे काठावरचे होतीन का?"

वकिलांनी शेताचा कागद काढून पाहिला. "होतील. बक्षीसपत्र करावं लागेल, रजिस्टर. पण माय, नीट ऐका. पट्टी दिली की तुमचं शेत धुऱ्यावर संपलं."

"माहं नाव बी ठेवा त्यायच्यासंगं."

"ठेवलं तर समोरचा म्हणेल, हे नाटक हाय, मालकीण म्हातारीच. द्यायची तर पूरी द्यावी लागेल. मग काठावर सगळी वस्ती राहील आणि तुमचंच एक घर राहणार नाही. समझलं का?"

मला समजलं. मी तिथंच ओरडले, "आत्याबाई, शेत माह्या पोरींच्या बापाचं हाय!"

"तो बाप माह्या पोटचा हाय," सासू म्हणाली. "त्याले मी सांगीन."

"अन् उद्या ह्यायनं आपल्याले पाणी नाई दिलं तं?"

आबाजी उठून उभे राहिले. "बाई, कसं बोलून राह्यली? आम्ही तुले नाई म्हणू?"

"म्हणाल," मी म्हटलं. "माणसंच आहा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी बक्षीसपत्र झालं. वस्तीतल्या सगळ्यांचे अंगठे उठले, सही करणारे तिघंच होते. सासूचाही अंगठाच. रजिस्ट्रारच्या कचेरीबाहेर मी पोरींना घेऊन बसले होते आणि आत गेले नाही. नवऱ्याला कळवायला वेळच नव्हता. त्याच संध्याकाळी वकिलांनी अर्ज दिला आणि आमच्या नावाच्या जागी वस्तीची नावं चढली.

शेवटच्या दिवशी पाटलाचा वकील फार चिडून बोलला. हे कालचे काठावरचे, हे बनवलेले काठावरचे. आमचे वकील म्हणाले, मालक काल झाला की शंभर वर्षांपूर्वी, काठ तोच आहे आणि तहानही तीच आहे. न्यायाधीशांनी दोन्हीकडचं ऐकलं, आत गेले, परत आले. आत जाऊन येईपर्यंत कुणी बसलं नाही. हुकूम असा झाला की खटल्याचा निकाल लागेपर्यंत पाटलानं बांधाला तोंड पाडावं आणि पिण्यापुरतं पाणी खाली जाऊ द्यावं.

बांध फोडताना आम्ही सगळे तिथं होतो. काळी माती इतकी घट्ट बसली होती की कुदळ उडत होती. पाटील बाजूला उभा होता. तोंड पडलं तसं पाणी आलं, पण ते ओरडत-वाहत आलं नाही. वाळूनं ते पिऊन टाकलं. बाया रडायला लागल्या, पाणी मेलं म्हणून. आमच्या झिऱ्यात तळाला चमक दिसायला दुसरा दिवस उजाडला.

पाटलाची निम्मी केळी त्या उन्हाळ्यात गेली. खरं आहे ते, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. खटला पुढे काही वर्षं चालला आणि शेवटी पाटलानं आपसात मिटवलं. बांधाचं तोंड कायम राहिलं.

नवरा हंगाम संपल्यावर आला. आईशी भांडला, चार दिवस बोलला नाही, मग बोलायला लागला. दुसरं काय करणार होता? काही वर्षांनी जिनात त्याचा हात सापडला, दोन बोटं गेली आणि तो कायमचा घरी आला. तेव्हा आम्ही धुऱ्याच्या आत मिरची लावली. पहिल्या वर्षी पाणी पुरलं. दुसऱ्या वर्षी उन्हाळा कडक होता. मी आबाजींकडे गेले. ते आता पार वाकले होते, पण पट्टीबाबत विचारायचं ते त्यांनाच.

"आबाजी, मिरचीले चार दिवस पाणी घेऊ द्या. पखाली भरून बैलावर नेईन."

अंगणात आणखी पाचसहा जण होते, आबाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. "बाई, झिरा उतरला हाय. पिण्याचं आधी. तुह्याच सासूनं कोर्टात भांडून घेतलं हे."

"मी म्हटलं होतं तुम्ही नाई म्हणाल."

"म्हटलं होतं," ते म्हणाले. "पन पिण्याले तुले नाई म्हणत. मिरचीले म्हणून राह्यलो."

घरी येऊन मी सासूला सांगितलं. मला वाटलं ती जाऊन भांडेल, तिचा हक्क होता. ती सूप घेऊन तूर पाखडत होती. म्हणाली, "बरोबर हाय त्यायचं." आणि पाखडत राहिली.

मिरची जळाली. झाडं उपटून चुलीत घातली, त्यांच्या धुरानं घरात सगळे खोकत होते. त्याच दिवशी संध्याकाळी सासू आणि मी झिऱ्यावर गेलो. पट्टीवर आता वस्तीवाले अंबाडी टाकायचे, तिची वाळलेली थुटं पायाला टोचत होती. पाणी थोडं आणि घागरींची रांग मोठी होती. सासूनं आपली घागर सगळ्यांच्या मागं ठेवली.

पुढची बाई, तीच जी त्या वर्षी पोटुशी होती, म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही पुढं या ना. तुम्हाले कायची रांग?"

"नंबर लागला का भरीन," सासू म्हणाली.

मी तिची घागर उचलली, माझीही उचलली आणि पुढं नेऊन ठेवली. रांगेतल्या बाया बाजूला सरकल्या. वाटी घेऊन मी खड्ड्यात उतरले आणि आधी आमच्या घागरी भरल्या.